कापड दुकानदाराचे भिंग

सकाळी आधी दात घासायचे आणि मगच चहा, ही शिस्त आपल्याकडे घरोघरी लहानपणीच लावली जाते. रात्रभरात दातांवर साचणारा पांढरट, बुळबुळीत थर म्हणजे जिवंत जंतूंची वस्ती असते, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे. हा थर खरवडून, थेंबभर पाण्यात कालवून, त्यात वळवळणारे जीव ज्याने पहिल्यांदा पाहिले तो माणूस मात्र डॉक्टर नव्हता की प्राध्यापक नव्हता. त्याचे कापडाचे दुकान होते. त्याने विद्यापीठाची पायरी चढली नव्हती, आणि त्या काळात विद्वानांची भाषा असलेली लॅटिन त्याला येत नव्हती. त्याची सगळी प्रयोगशाळा घरातल्या एका खोलीत मावत होती आणि तिथले मुख्य यंत्र त्याने स्वतःच्या हातांनी बनवलेले होते. सूक्ष्मजीवशास्त्राचा जनक म्हणून जग ज्याला ओळखते, तो हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक.

आंतोनीचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा. वडील वेताच्या टोपल्या विणत, आई मद्य गाळणाऱ्या घराण्यातली. तो पाच-सहा वर्षांचा असतानाच वडील गेले. आईने दुसरे लग्न केले आणि मुलाला शिक्षणासाठी दुसऱ्या गावी पाठवले. पुढे काही काळ तो एका काकांकडे राहिला. सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले गेले. तिथे तो हिशेब शिकला, माल पारखायला शिकला. कापडाचा पोत पाहण्यासाठी, एका इंचात धागे किती बसलेत हे मोजण्यासाठी त्या धंद्यातले लोक लहानसे भिंग वापरत. लेव्हेनहूकच्या हाती भिंग आले ते असे, दुकानातले अवजार म्हणून.

१६५४ मध्ये तो डेल्फ्टला परतला, लग्न केले आणि स्वतःचे दुकान थाटले. कापड, फिती, बटणे असा माल तो विके. पहिल्या पत्नीपासून त्याला पाच मुले झाली. त्यातली चार तान्हेपणीच दगावली. जगली ती एकटी मारिया. १६६६ मध्ये पत्नीचेही निधन झाले. त्या काळात युरोपातल्या कुठल्याही गावात असे घर शोधायला लांब जावे लागत नसे. मुले का दगावतात, ताप एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. कोणी दूषित हवेला दोष देई, कोणी ग्रहताऱ्यांना.

दुकानाच्या जोडीला त्याला नगराच्या न्यायाधीशांच्या कचेरीची देखरेख करण्याचे काम मिळाले होते. दालन उघडायचे, बंद करायचे, झाडलोट आणि शेकोटी पाहायची. पगार नियमित होता आणि काम फारसे नव्हते. १६६९ मध्ये तो जमीन मोजणीची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १६७९ मध्ये गावात येणाऱ्या मद्याची पिंपे मोजण्याचे कामही त्याच्याकडे आले. धागे मोजा, जमीन मोजा, पिंपे मोजा. मोजमाप हा या माणसाचा जन्मभराचा व्यवसाय होता, आणि त्याच्या विज्ञानातही तीच सवय शेवटपर्यंत दिसते.

काचेचा मणी आणि पितळेची पट्टी

सूक्ष्मदर्शक लेव्हेनहूकने शोधला असा समज आहे, तो खरा नाही. त्याच्या जन्माआधीपासून दोन भिंगांचे सूक्ष्मदर्शक युरोपात होते. १६६५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हूकचा मायक्रोग्राफिया हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पिसू आणि ऊ यांची पानभर चित्रे पाहून लोक थक्क झाले. पण त्या यंत्रांत एक मोठी खोट होती. एका भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग थोडे फाकतात आणि प्रतिमेच्या कडेला रंगीत झालर दिसते. दोन भिंगे एकापुढे एक ठेवली की पहिल्याचा दोष दुसरे वाढवते. त्यामुळे प्रतिमा मोठी होई पण धूसरही होई. वीस-तीस पटींच्या पुढे फारसे काही नीट दिसत नसे.

लेव्हेनहूकने एकच भिंग वापरले, पण ते अगदी बारीक. भिंग जितके लहान आणि जितके गोल, तितकी त्याची वर्धनशक्ती जास्त. साध्या काचेचा दोन मिलिमीटर व्यासाचा गोल मणी घेतला तर तो वस्तू सुमारे १६० पट मोठी दाखवतो. सव्वा मिलिमीटरचा घेतला तर अडीचशेच्याही पुढे जातो. मोहरीच्या दाण्याएवढ्या त्या काचेसमोर त्या काळातली महागडी यंत्रे फिकी पडली.

बाकीचे यंत्र तर त्याहून साधे. बोटभर लांबीच्या पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पातळ पट्ट्या. दोन्हींना समोरासमोर टाचणीच्या डोक्याएवढे भोक. मध्ये भिंग बसवायचे आणि पट्ट्या रिबिटांनी जोडून टाकायच्या. मागच्या बाजूला एक टोकदार सुई, तिच्या टोकावर पाहायची वस्तू चिकटवायची. सुई वर-खाली करायला एक मळसूत्र, भिंगाच्या जवळ-लांब न्यायला दुसरे. पाणी पाहायचे असेल तर सुईच्या जागी काचेची बारीक नळी. मग हे सगळे डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे धरायचे. बसायला खुर्ची, प्रकाशाला खिडकी किंवा मेणबत्ती. मळसूत्रांसकट सगळे तो घरीच बनवी.

अशी भिंगे आणि सूक्ष्मदर्शक त्याने पाचशेच्या वर बनवले. कारण सोपे होते. एखादा नमुना नीट बसला की तो काढायचाच नाही, पुढच्या वस्तूसाठी नवे यंत्र करायचे. आज त्यातले मोजकेच उरले आहेत. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या संग्रहालयातले सर्वात प्रभावी मानले जाते. ते वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

मिरीचे पाणी

१६७३ मध्ये डेल्फ्टमधलाच तरुण वैद्य रेनिएर द ग्राफ याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, की आमच्या गावचा एक गृहस्थ सर्वांपेक्षा सरस सूक्ष्मदर्शक बनवतो. सोबत लेव्हेनहूकचे पत्र होते, बुरशी, मधमाशी आणि उवेबद्दलचे. त्यानंतर पन्नास वर्षे त्याची पत्रे जात राहिली. सुमारे १९० पत्रे एकट्या रॉयल सोसायटीला गेली. सगळी बोलीभाषेतल्या डचमध्ये, घरगुती गप्पांसह. लंडनमध्ये त्यांची भाषांतरे होत. चित्र त्याला काढता येत नसे, म्हणून त्याने पदरमोड करून चित्रकार ठेवले होते.

१६७४ च्या उन्हाळ्यात तो गावाजवळच्या एका तळ्यावर गेला. इकडे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला ते हेच वर्ष. तळ्याचे पाणी हिरवट गढूळ झाले होते. लोक म्हणत, दव पडल्याने होते. त्याने बाटलीभर पाणी घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले. हिरव्या, मळसूत्रासारख्या वळलेल्या तंतूंच्या मधून असंख्य लहान जीव पोहत होते. आज आपण त्यांना शेवाळ आणि आदिजीव म्हणतो.

पुढचा शोध स्वयंपाकघरातला आहे. काळी मिरी तिखट का लागते, हा प्रश्न त्याला पडला. मिरीच्या कणांना बारीक काटे असावेत आणि ते जिभेला टोचत असावेत, असा त्याचा कयास. मलबार आणि सुमात्रा भागातली मिरी तेव्हा डच जहाजांतून युरोपात जात असे. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि पाण्याचा थेंब भिंगासमोर धरला. काटे दिसले नाहीत. दिसले ते आधीच्या जिवांपेक्षाही कितीतरी पटींनी लहान जीव. १६७६ मधली ही गोष्ट. माणसाने जिवाणू पाहिल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या लांबलचक पत्राने लंडनमध्ये खळबळ माजली. थेंबभर पाण्यात लाखो जीव? कापड विकणाऱ्याने सांगायचे आणि आपण ऐकायचे? सोसायटीच्या नेहेमाया ग्रू यांनी प्रयोग करून पाहिला, त्यांना काही दिसले नाही. इकडे लेव्हेनहूकने गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना, त्यात धर्मगुरू होते, नोटरी होता, घरी बोलावून थेंब दाखवला आणि त्यांच्या सह्यांची प्रमाणपत्रे लंडनला धाडली. अखेर रॉबर्ट हूकने स्वतः काचेच्या बारीक नळ्या आणि नवी भिंगे तयार केली, मिरी भिजवली, आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सभासदांसमोर ते जीव दाखवले. १६८० मध्ये सोसायटीने लेव्हेनहूकला सभासद करून घेतले. हा मान त्याला फार मोलाचा वाटला, पण सोसायटीच्या सभेला तो एकदाही गेला नाही.

स्वतःचेच शरीर, स्वतःचीच प्रयोगशाळा

आरोग्याच्या दृष्टीने त्याची सर्वात मोलाची निरीक्षणे स्वतःच्या शरीरावरची आहेत. १६८३ मध्ये त्याने दातांवरचा थर पाहिला. तो रोज मिठाने दात घासत असे आणि त्याला आपल्या दातांचा अभिमान होता. तरीही त्या थरात जीव होतेच. काही बाणासारखे सुळकन जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे. मग त्याने इतरांचे नमुने घेतले. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर जिवांची गर्दी होती.

तेवढ्यावर तो थांबला नाही. व्हिनेगरने हे जीव मरतात का, हे त्याने पाहिले. मोकळे पोहणारे मेले, पण थराच्या आत दडलेले वाचले. आज दंतवैद्य नुसत्या चूळ भरण्यावर विसंबू नका, ब्रशने थर खरवडून काढा, असे सांगतात, ते याच कारणाने. थरात राहणाऱ्या जिवाणूंना औषध सहजी पोहोचत नाही. पुढे काही वर्षांनी त्याला समोरच्या दातांवर जिवंत जीव सापडेनात. तो सकाळी कढत कॉफी पीत असे. उष्णतेने जीव मरत असावेत, असा तर्क त्याने केला आणि मागच्या दातांमध्ये शोध घेतला, तर तिथे ते होते.

१६८१ मध्ये त्याचे पोट बिघडले. त्याने स्वतःच्या पातळ शौचाचा नमुना भिंगाखाली ठेवला आणि त्यात हलणारे जीव टिपले. त्याचे वर्णन वाचून आजचे तज्ज्ञ सांगतात, की तो जिआर्डिया असावा. अशुद्ध पाण्यातून येणारा हा परजीवी आजही आपल्याकडे पोट बिघडवतो.

रक्तातल्या लाल पेशींचा आकार त्याने असाच घरगुती मापाने काढला. वाळूचा बारीक कण हे त्याचे माप. अशा एका कणाच्या आकारमानात २५ हजार पेशी मावतील, असा त्याचा हिशेब होता. आजच्या मोजमापाशी तो आश्चर्यकारकरीत्या जुळतो. बेडकाच्या पिलाच्या शेपटीत आणि ईल माशाच्या पंखात त्याने केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त पाहिले. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला, तेव्हा त्याने हे दृश्य त्याला दाखवले. पुरुषाच्या वीर्यातले शुक्रजंतू, स्नायूंवरचे आडवे पट्टे, छतावरच्या पन्हाळीत वाळून धूळ झालेले आणि पाणी मिळताच पुन्हा हलू लागणारे जीव, यादी लांब आहे. धान्यातले किडे धान्यातूनच आपोआप उपजतात, या समजुतीलाही त्याने प्रयोगांनी धक्का दिला. किडे अंड्यांतूनच येतात, हे त्याने दाखवले.

गुपित

इथवरची गोष्ट कौतुकाची आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. लेव्हेनहूकने आपले उत्तम सूक्ष्मदर्शक कोणालाही दिले नाहीत, विकले नाहीत. पाहुण्यांना तो साधी यंत्रे दाखवी, सर्वात चांगली स्वतःसाठी राखून ठेवी. भिंगे कशी करतो हे त्याने लिहून ठेवले नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी त्याला तरुणांना ही विद्या शिकवण्याचा आग्रह केला, तेव्हा त्याने नकार दिला. शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पैसा किंवा नाव हवे असते, चिकाटी फार थोड्यांकडे असते, असे त्याचे मत होते. एका अर्थी त्याचे बरोबर होते. दिवसचे दिवस एका थेंबाकडे पाहत बसणे सगळ्यांना जमत नाही. पण दार बंद ठेवल्याने जे थोडे होते, तेही आत आले नाहीत.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो गेला. अखेरच्या आजारात त्याच्या छातीखालचा भाग आपोआप फडफडे. डॉक्टरांना ते हृदयाचे दुखणे वाटले. त्याला वाटले, हा श्वासपटलाचा विकार आहे. मेंढीचे आणि बैलाचे श्वासपटल भिंगाखाली पाहून त्याने तेही सोसायटीला कळवले. आज या दुर्मीळ विकाराला त्याचेच नाव आहे. मारियाने वडिलांच्या इच्छेनुसार २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक लंडनला पाठवले. एकोणिसाव्या शतकात ते हरवले.

त्याच्यानंतर दीर्घकाळ त्याच्याइतके स्पष्ट कोणाला दिसले नाही. अभ्यासक पुन्हा दोन भिंगांच्या धूसर यंत्रांकडे वळले. १८३० च्या सुमारास रंगीत झालरीचा दोष काढून टाकणारी रचना पुढे आली. ती मांडणारा जोसेफ जॅक्सन लिस्टर हाही हौशीच, धंद्याने मद्याचा व्यापारी. त्याचा मुलगा जोसेफ लिस्टर याने १८६७ मध्ये जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत जगापुढे ठेवली. जिवाणूमुळे विशिष्ट रोग होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सच्या बाबतीत सिद्ध केले ते १८७६ मध्ये. मिरीच्या पाण्यातल्या त्या थेंबानंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

या विलंबाचा सगळा दोष एका माणसाच्या गुपिताला देता येणार नाही. जंतू आणि रोग यांचा संबंध असू शकतो, ही कल्पनाच रुजायची होती. स्वतः लेव्हेनहूकनेही ती मांडली नाही. तोंडात, पोटात, पाण्यात त्याने जीव पाहिले, पण त्यांचा आणि गावातल्या तापांचा सांधा त्याने जोडला नाही. तरीही, त्याच्या भिंगासारखी शंभर भिंगे शंभर गावांतल्या वैद्यांच्या हाती असती, तर कोणीतरी हा सांधा लवकर जोडला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

गुपिताचा शेवटही मजेशीर आहे. २०२१ मध्ये डच संशोधकांनी न्यूट्रॉन किरणांनी, पट्ट्या न उघडता, त्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या आत पाहिले. उट्रेख्टच्या त्या नामांकित यंत्रातले भिंग घासून केलेले नव्हते. काचेचा तंतू ज्योतीत धरून वितळवलेला तो गोल मणी होता. म्हणजे रॉबर्ट हूकने ज्या पद्धतीचे वर्णन १६६५ मध्येच छापले होते, तिचाच तो प्रकार. इतकी वर्षे जपलेले रहस्य छापील पुस्तकात होते!

आता ते सर्वांसाठी खुले आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश यांनी २०१४ मध्ये कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला. त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरपेक्षाही कमी होता. त्याच्या मुळाशी तोच काचेचा मणी आहे. भारतातल्या अनेक शाळांमध्ये तो पोहोचला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांना चष्मा लावून, काचेची बारीक कांडी बर्नरवर ताणून असा मणी करता येतो. दोन पत्र्यांच्या भोकात तो बसवला की कांद्याचा पापुद्रा, डबक्याचे पाणी, फुलातले परागकण दिसू लागतात.

एवढे मात्र लक्षात ठेवावे, की हे यंत्र पाहण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. पोट बिघडले तर नमुना पॅथॉलॉजी लॅबमध्येच द्यावा, आणि घरी जंतू वाढवण्याचे प्रयोग करू नयेत. पण कुंडीखालच्या बशीत चार दिवस साचलेले पाणी मुलांना एकदा भिंगातून जरूर दाखवावे. पिण्याचे पाणी उकळा, हात धुवा, भांड्यात पाणी साचू देऊ नका, हे आपण त्यांना रोज सांगतो. ते कशासाठी, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.